पार्ट्सकास्टर

बॉडी, नेक (बोटं फिरवायचा लांब दांडा), पिकअप (तारांची थरथर पकडणारा चुंबकी भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) असे सुटे भाग वेगवेगळीकडून जमवून घरीच जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारला पार्ट्सकास्टर म्हणतात. नावातलं 'कास्टर' फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर-स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या गिटारींवरून आलंय. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास नेक न चिकटवता चार स्क्रूंनी बसवायला सुरुवात केली, काम सोपं व्हावं आणि खराब नेक पटकन बदलता यावा म्हणून, आणि तिथूनच हा उद्योग लोकांच्या हाती आला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' ही गिटार तीन जुन्या स्ट्रॅटचे चांगले भाग काढून बनलेली, २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तर स्ट्रॅटच्या आकाराच्या स्वस्त बॉडीत गिब्सन कंपनीचा हंबकर (घूं कमी करणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवला.

कुठलं लाकूड चांगलं यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण गिटार सुरात लागणार की नाही हे ठरतं ब्रिजच्या जागेवर. फेंडरचं स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बारावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) ३२४ मिमीवर येतो, तिथून पुढे तेवढ्याच अंतरावर पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) यायला हवं, आणि मोजताना सॅडल जवळपास पूर्ण नेकच्या बाजूला घेऊन ठेवायचं कारण इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून सॅडल सरकवणं) करताना ते मागेच न्यावं लागतं, जाड तारांना तर अजून मागे. ब्रिजची भोकं पाडायच्या आधी दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणून बघा, नेकच्या एका कडेला चिकटत असेल तर थांबा. नेकचं मेपल लाकूड कडक असतं, आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला तर त्याचं डोकंच तुटून हातात येतं. स्क्रूला थोडा साबण चोळला की सरसर जातो.

वायरिंगमध्ये सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) साधारण २५०के (किलो-ओहम) आणि हंबकरला ५००के पॉट (आवाज-टोन कमीजास्त करायचं बटण) लावतात. हमखास विसरली जाते ती ब्रिजखालची ग्राउंड वायर. अँप लावल्यावर जी घूं येते ती तारांना हात लावताच कमी झाली तर समजायचं वायर नीट लागलीय, काहीच फरक पडला नाही तर सगळं परत उघडा.

फ्रेटबोर्डला (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) बरेचदा आपल्याकडचं शिसवी असतं. २०१७ पासून त्याच्या परदेशी व्यापाराला परमिटची कटकट होती, तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली.

विकायला काढली तर भागांचा खर्चही सहसा निघत नाही. काही बहाद्दर हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर) फेंडरचा स्टिकर मारून ओरिजिनल म्हणून खपवतात, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक आधी चार स्क्रू काढून नेकच्या बुडावरचा शिक्का बघतं.