येशूचं गाणं, पण गायक ज्यू

‘स्पिरिट इन द स्काय’ हे गाणं ऐकलं की हमखास कुणीतरी सांगतं, त्याचा गायक नॉर्मन ग्रीनबॉम कट्टर ख्रिस्ती, बहुतेक चर्चमध्येच गात असणार. साफ चूक. ग्रीनबॉम ज्यू, मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डनचा. टीव्हीवर कंट्री गायक पोर्टर वॅगनरला भक्तिगीत म्हणताना त्याने पाहिलं आणि वाटलं, हे तर मलाही जमेल. मग काय, पंधराएक मिनिटांत शब्द तयार! लहानपणी पाहिलेल्या काउबॉय सिनेमांतलं मरणही त्यात आलं.

खरं तर पुरावा गाण्यातच आहे. गाणारा म्हणतो, मी कधी पापच केलं नाही. ख्रिस्ती शिकवणीत प्रत्येक जण पापी. मुरलेला भाविक अशी ओळ कशाला लिहील?

उरतो तो गिटारचा घरघराट. त्यासाठी मित्राने ‘फझ’चं, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं सर्किट थेट ग्रीनबॉमच्या टेलिकास्टर गिटारच्या पोटात बसवून दिलं होतं. १९६९च्या अखेरीस आलेलं गाणं १९७०मध्ये अमेरिकेत तिसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तेवढं यश पुन्हा मिळालं नाही. पुढे हा गडी कॅलिफोर्नियात पेटालुमाजवळ दुधाचा धंदा करत होता.