गर्भारपण, तंबाखू आणि निवडीचा प्रश्न (ग्रामीण विदर्भ)

गर्भवती स्त्रीने तंबाखू ओढावी किंवा खावी की नाही, हे तिचे तिने ठरवायचे की पोटातल्या बाळासाठी इतरांनीही त्यात बोलायचे, असा हा नीतीचा प्रश्न. पूर्व विदर्भातल्या खेड्यांत बायकांच्या हाती बिडीपेक्षा खर्रा जास्त दिसतो. तो करायला पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लॅस्टिकच्या कागदात) घालून घोटतात. भाताच्या रोवणीला निघालेली बाई ती पुडी पदराच्या गाठीत बांधून नेते. घरी नस (तंबाखूची पूड) नाहीतर गुडाखू (तंबाखू-गुळाचा लगदा) दातांना लावतात. धूर नाही म्हणून धोका नाही, ही समजूत घातक आहे. तंबाखूतले निकोटीन बाळाला पोसणाऱ्या वारेतून बाळापर्यंत पोचते; बाळ कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे किंवा मृत जन्मण्याचा धोका वाढतो. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तो अधिकच बाधतो. हा धूर बहुतेकदा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या बिडीचा असतो, पण बोल लागतो तो तिलाच.

दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाच्या स्वातंत्र्यात हात घालावा, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये मांडले. इथे तो दुसरा जीव तिच्याच देहात असतो, म्हणून हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. बाळाला बोलता येत नाही, ही बाब हलकी नाही. तरीही भारतात गर्भवतीने तंबाखू खाणे गुन्हा नाही, आणि ते योग्यच आहे: शिक्षेच्या धाकाने बाई तपासणीलाच येणार नाही. शिवाय लहानपणी आजीच्या डबीतून लागलेली, पुढे निंदणाच्या रांगेत भूक मारायला उपयोगी पडलेली सवय ही पूर्ण अर्थाने निवड म्हणता येईल का? राज्यात 2012 पासून गुटख्यावर आणि 2013 पासून सुगंधित तंबाखूवरही बंदी आहे. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावोगाव चालते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे.

आशाताईने गर्भवतीला सासूसमोर "खर्रा खातेस का गं?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असते: "नाही जी." तीच आशाताई अंगणात तिच्याजवळ एकटी बसून "दिवसाला किती पुड्या लागतात?" म्हणते, तेव्हा गाठ सुटते आणि अर्धी उरलेली पुडी तळहातावर येते.