नेश

नेश हा इंग्लंडच्या मधल्या आणि वायव्येकडच्या भागात आजही बोलला जाणारा जुना शब्द आहे. ज्याला थंडी सोसत नाही तो नेश. हवेत जरा गारवा आला की स्वेटर कानटोपी चढवून बसणारा, कोणी खिडकी उघडली की लाव लाव म्हणून मागे लागणारा, समुद्रात घोट्यापर्यंत पाय घालून परत फिरणारा माणूस तिकडे नेश ठरतो. स्टॅफर्डशायर, डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर, चेशायर, श्रॉपशायर, लँकशायर आणि यॉर्कशायरचा दक्षिण भाग हा त्याचा आजचा मुलूख. म्हणजे शेफील्ड, स्टोक, नॉटिंगहॅमकडे हा घरगुती शब्द आहे, आणि लंडनच्या माणसाला बऱ्याचदा तो समजावून सांगावा लागतो.

याचा अर्थ 'थंडी वाजतेय' असा नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. थंडी वाजणं ही त्या वेळची गोष्ट झाली, ती कोणालाही वाजते. नेश ही माणसाची जात झाली, त्याचा पिंडच तसा. प्रमाण इंग्रजीत हे एका शब्दात सांगायची सोय नाही, दोन-तीन शब्द जोडून सांगावं लागतं. आपल्याकडे तरी कुठे एक शब्द आहे, आपणही 'याला थंडी सोसत नाही' असं अख्खं वाक्यच म्हणतो.

ऐकायला हा शब्द पोरांनी काढलेल्या स्लँगसारखा वाटतो, पण तो हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप साधारण 'ह्नेशे' असं होतं आणि अर्थ होता मऊ, कोवळा. थंडीचा त्यात काही संबंधच नव्हता. ९ व्या शतकाच्या शेवटी आल्फ्रेड राजाच्या काळातल्या गद्यात तो सापडतो, आणि १० व्या शतकाच्या शेवटाकडे झालेल्या शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या, जुन्या इंग्रजी भाषांतरात मत्तयाच्या पुस्तकात तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी आलाय. एका जागी अंजिराच्या झाडाची डहाळी कोवळी होते तेव्हा, आणि दुसऱ्या जागी येशू लोकांना विचारतो की तुम्ही रानात काय बघायला गेला होतात, तलम कपडे घातलेला माणूस का, तिथे तलम कपड्यांसाठी. यावरूनच 'ह्नेश्यन' म्हणजे मऊ करणं किंवा होणं असं क्रियापद झालं होतं आणि मऊपणासाठी नामही होतं. मनाने दुबळा या अर्थानेही तो तेव्हाच वापरला जायचा. मराठीतला 'कोवळा' घ्या, कोवळं पान, कोवळं ऊन, कोवळं वय, कोवळं मन, सगळीकडे चालतो ना, तसाच पसारा या शब्दाचा होता.

त्याच तलम कपड्यांच्या ओवीत आणखी मागे जाता येतं. ४ थ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणलं. ही इंग्रजीची चुलत भाषा, आता मेलेली. त्या भाषांतराची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली ६ व्या शतकातली पोथी स्वीडनमधे उप्सालाला आहे आणि त्यात ही ओवी शाबूत आहे. तिथे शब्द आहेत साधारण 'ह्नास्क्वयेम वस्त्योम गवासिदाना', मऊ वस्त्रं नेसलेला. पहिला शब्द नेशचा सख्खा नातेवाईक. पुढचे दोन मात्र मराठी माणसाने थांबून वाचावेत असे आहेत, कारण गॉथिकमधलं 'वस्ति' म्हणजे कपडा आणि आपलं 'वस्त्र' ही एकाच मूळ धातूची लेकरं, आणि आपलं 'नेसणं' सुद्धा संस्कृत नि आणि वस् वरून आलेलं, म्हणजे तेही त्याच घरातलं. नेश आणि नेसणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे आधीच सांगून ठेवतो, आवाज सारखा आहे म्हणून लोक लगेच नातं जोडतात. पण नेशच्या शेजारी त्या ओवीत नेसणंचं कूळ बसलंय हे खरं आहे, आणि मला ते फार आवडतं.

सुरुवातीचा ह पुढे गळाला. एकट्या याच शब्दाचा नाही, जुन्या इंग्रजीत ह्न, ह्ल, ह्र ने सुरू होणाऱ्या सगळ्याच शब्दांचा गळाला. ह्नुतू चं नट झालं, ह्रिंग चं रिंग आणि ह्लाफ चं लोफ. आपण न्हाणी आणि म्हैस सहज म्हणतो त्यामुळे हे जोडउच्चार आपल्याला जवळचे वाटतात, इंग्रजांच्या तोंडातून ते मध्ययुगातच गेले.

मध्ययुगातल्या इंग्रजीत नेश जोरात होता. 'नेश आणि हार्ड' अशी जोडीच वापरायचे, मऊ नि कठीण म्हणजे सुखात नि संकटात, कसंही असो, अशा अर्थाने. मग झालं काय, तर 'सॉफ्ट' पुढे आला. सॉफ्टचा जुना अर्थ आरामाचा, शांत, सौम्य असा होता, हात लावल्यावर मऊ लागतं तो अर्थ त्याला साधारण १२०० च्या सुमारास चिकटला आणि नेशची जागाच त्याने हळूहळू खाल्ली. पुढे पुस्तकांची, छापखान्यांची आणि दरबाराची इंग्रजी लंडनच्या बाजूची ठरली, तिथे सॉफ्ट राहिला आणि नेश खेड्यापाड्यात गेला. पण गेला म्हणजे मेला नाही. मऊ हा ढोबळ अर्थ सॉफ्टकडे गेल्यावर याच्याकडे नाजूक तब्येतीचा, सोसायची ताकद नसलेला हा अर्थ उरला, आणि त्या ओल्या गार मुलखात काय सोसायचं तर मुख्य म्हणजे थंडीच.

हे सगळं आपल्याला आज व्यवस्थित कळतं यात मोठा वाटा जोसेफ राइट यांचा आहे आणि त्यांच्याबद्दल दोन ओळीत उरकणं मला जमणार नाही. जन्म १८५५, यॉर्कशायरमधे ब्रॅडफर्डजवळ थॅकली. वयाच्या ६ व्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवं हाकायचं काम, मग सॉल्टेअरच्या गिरणीत कातण्याच्या मशीनवरच्या भरलेल्या बॉबिन काढायचं काम. १५ वर्षांचा होईपर्यंत या मुलाला धड वाचता येत नव्हतं, स्वतःच शिकला, गिरणीत लोकर निवडत निवडत पुढे भाषा शिकला, पैसे साठवून जर्मनीत गेला, १८८५ ला हायडेलबर्गची डॉक्टरेट घेतली आणि शेवटी ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्रोफेसर झाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टोल्किन त्यांचे विद्यार्थी. बोलीभाषांसाठी १८७३ ला एक सोसायटी स्थापन झाली होती, तिने गोळा केलेला माल आणि गावोगावच्या लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या घेऊन राइट यांनी इंग्रजी बोलींचा कोश केला, १८९८ ते १९०५, सहा खंड. ज्या बोलीला शाळेत हातावर छड्या मिळायच्या तीच बोली बोलत वाढलेल्या माणसाने हे केलं. त्या कोशात नेश आहे आणि मऊ, नाजूक, थंडी न सोसणारा, भित्रा असे त्याचे अर्थ आहेत. पुढे १९५० ते १९६१ मधे लीड्स विद्यापीठाने हॅरल्ड ऑर्टन यांच्या हाताखाली ३१३ ठिकाणी जाऊन, मुख्यतः म्हाताऱ्या शेतकरी लोकांना हजाराच्या वर प्रश्न विचारून बोलींची पाहणी केली. तोवर खेड्यातली जुनी बोली पातळ व्हायला लागली होती, म्हणून ती घाई.

साहित्यात दोन कादंबरीकारांची नावं सांगण्यासारखी. डी. एच. लॉरेन्स हे नॉटिंगहॅमशायरच्या ईस्टवुड गावचे, वडील कोळशाच्या खाणीत, आणि १९१३ च्या 'सन्स अँड लव्हर्स' मधे खाणकाम्याच्या तोंडी हा शब्द अगदी सहज येतो. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या घरात सोसणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे तिथे नेश म्हणणं हे थोडंसं टोचणारं आहे, पोराला लेचापेचा म्हटल्यासारखं. दुसरे थॉमस हार्डी. त्यांच्या १८८७ च्या 'द वुडलँडर्स' मधे एक गावकरी म्हणतो की मुलीला इतके दिवस बोर्डिंग शाळेत ठेवली तर ती आईसारखीच नेश होईल. इथे थंडी नाही, शहरी ऐषोआरामाने आलेला नाजूकपणा आहे. आणि हार्डींचा मुलूख म्हणजे डॉर्सेट, पार दक्षिणेकडचा, म्हणजे १९ व्या शतकात हा शब्द आजच्यापेक्षा बऱ्याच लांबपर्यंत पसरलेला होता.

आज तो शिवी म्हणून कमी आणि चिडवायला जास्त वापरतात. उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांना नेश म्हणतात, आणि घरात आजी नातवाला प्रेमाने म्हणते. त्याचं क्रियापदही झालंय, 'नेश करणं' म्हणजे ऐन वेळी घाबरून माघार घेणं, यात जुना भित्रेपणाचा अर्थ टिकून आहे. याच्या जोडीला उत्तर इंग्लंडमधे 'स्टार्व्ड' पण ऐकू येतो आणि परका माणूस हमखास फसतो, त्याला वाटतं भूक लागलीय, पण तिकडे त्याचा अर्थ थंडीने गारठलेला असा. मूळ शब्दाचा अर्थ नुसता मरणं असा होता, प्रमाण भाषेत तो भुकेने मरण्यापुरता राहिला आणि उत्तरेत थंडीने मरण्याकडे गेला. नॅश या आडनावाशी मात्र नेशला जोडू नये, ते ॲश म्हणजे त्या नावाच्या झाडापाशी राहणारे यावरून आलंय, आधीच्या शब्दातला न त्याला येऊन चिकटला.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर हाच शब्द 'निश' असा बोलतात. तिथे वसायला गेलेले इंग्रज बरेचसे डॉर्सेट आणि डेव्हनच्या बाजूचे होते, म्हणजे हार्डींच्याच मुलखाकडचे, ते मासेमारीसाठी गेले आणि आपली बोली बरोबर घेऊन गेले. तिकडे निश म्हणजे नाजूक, लगेच दुखणारं, हात लावला तरी हुळहुळणारं. म्हणजे आल्फ्रेडच्या काळातला कोवळा हा अर्थ समुद्रापलीकडे गेलेल्या कोळ्यांकडे जास्त जवळून राहिलाय.