खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे सर्वांत शेवटी

टाकी लहान म्हणजे कटकट कमी, असं आपल्याला वाटतं. खाऱ्या पाण्यात गणित उलटं आहे. भर समुद्रात एखादी कोळंबी मेली तर कोणाला पत्ता लागत नाही. २० लिटरच्या टाकीत मेली, तर रातोरात पाणी नासतं. त्यामुळे 'लहान' म्हणजे निदान ६० लिटर, असं माझं मत.

स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्र होत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के भरतात. बाकी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे. म्हणून मत्स्यालयासाठीचंच मीठ आणावं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने आरओच्या पाण्यात, बादलीतच विरघळवावं. चौपाटीवरून कॅन भरून आणायचा मोह मुंबईकरांना होतोच. पण तिथल्या पाण्यात सांडपाणी असतं, गाळ असतो.

आता खरी परीक्षा. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही रूपं विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. समुद्राच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) ८.२ च्या आसपास असतो. तिथे अमोनियाचा घातक अंश सामू ७ च्या पाण्यापेक्षा सुमारे दहापट जास्त. म्हणजे गोड्या पाण्यात खपून गेलेली चूक इथे अंगाशी येते. हे जिवाणू सच्छिद्र दगडांवर वस्ती करतात, आणि ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि पाणी तपासायचं. घरचे हसतील, हसू द्या.

दगड सिरॅमिकचे किंवा सुके घ्या. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रघोड्यांनाही.

पंख्याखाली पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. काचेवर रेघ मारून ठेवा. पातळी उतरली की गोडंच पाणी घाला. खारं घातलंत तर क्षारता चढतच जाईल.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशची जोडी आणा. दुकानदाराकडे नर-मादी मागू नका. हे मासे जन्मतः नरच असतात. एक मोठा, एक लहान घ्या, मोठा पुढे मादी होतो.