क्वेरी का अडकली ते सांगायचं, पण किती सांगायचं?

समजा बेळगाव भागातल्या एखाद्या साखर कारखान्याचा डेटाबेस आहे, हंगामभर काट्यावर गाड्या येतात, प्रत्येक वजनाची पावती एक ओळ होऊन टेबलात बसते, अशा १० लाख ओळी साठल्या. ऑफिसात कुणीतरी तालुका खानापूर, गाव नंदगड एवढं टाकून ऊस बिलाचा रिपोर्ट मागवतो आणि स्क्रीन नुसती फिरत बसते. नेट स्लो आहे म्हणून मोकळे होणारे भरपूर.

खरं कारण डेटाबेसलाच विचारता येतं की. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्स्प्लेन लिहिलं की तो काम कसं करणार त्याचा प्लॅन दाखवतो, आणि सोबत अ‍ॅनालाइझ लावलं तर क्वेरी खरोखर चालवून स्वतःचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी छापतो. (खरोखर म्हणजे खरोखर हां, डिलीटला लावलं तर ओळी उडतात, तेव्हा बिगिन आणि रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं मागे घेणारी आज्ञा, यांच्या मधे घालूनच करा.)

आता आपल्या रिपोर्टात काय होतं बघा. खानापूरच्या पावत्या १० टक्के आणि नंदगडच्या १ टक्का धरल्या, तर प्लॅनर, म्हणजे पोस्टग्रेसमधला प्लॅन ठरवणारा भाग, दोन्हींचा गुणाकार करतो आणि १००० ओळी येतील म्हणतो. नंदगड खानापूर तालुक्यातच आहे हे त्याला कुठं माहीत, त्याच्या लेखी दोन्ही अटींचा एकमेकींशी संबंधच नाही. प्रत्यक्षात येतात १०,०००. थोड्याच ओळी आहेत समजून निवडलेली पद्धत मग रखडते. यावर क्रिएट स्टॅटिस्टिक्स, म्हणजे दोन रकान्यांतला संबंध पोस्टग्रेसला मोजायला सांगणारी आज्ञा, हा उपाय पोस्टग्रेस १० पासून आहे, पण रोग दिसतो तो त्या दोन आकड्यांतल्या फरकात.

मग सगळंच छापून टाकावं का? तिथंच डिझाइनचा प्रश्न येतो. २०१० मधे पोस्टग्रेसच्या ९.० व्हर्जननं एक्स्प्लेनपुढे कंसात हवे तेवढे ऑप्शन लिहायची सोय केली, त्याआधी प्रत्येक नव्या ऑप्शनसाठी भाषेच्या व्याकरणालाच हात लावायला लागायचा. त्याच वेळी जेसन, एक्सएमएल, यामल हे फॉरमॅटही आले. माणसानं वाचायचं तर टेक्स्ट बरं, दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचं तर जेसन, टेक्स्ट फोडून आकडे काढायच्या भानगडीत पडू नये, पुढच्या व्हर्जनला ओळ जरा बदलली की सगळं कोसळतं. आणि मोजायलाही खर्च येतो, ओळीओळीला घड्याळ बघितल्यानं काही मशीनवर क्वेरीच हळू होते, म्हणून ९.२ पासून टायमिंग बंद करता येतं, ओळींची मोजणी तरी राहते.

पण माझ्या मते ऑप्शन असण्यापेक्षा काही न सांगता काय दिसतं हेच जास्त महत्त्वाचं. बफर्सचंच घ्या. काल ७ सेकंद लागलेली क्वेरी आज पाव सेकंदात का आली, हे फक्त वेळ बघून कळत नाही, बफर्स चालू असेल तर ८ केबीची किती पानं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत सापडली आणि किती बाहेरून आणायला लागली ते दिसतं आणि कोडं सुटतं. हा ऑप्शन ९.० पासून आहे, पण अ‍ॅनालाइझसोबत आपोआप चालू झाला तो २०२५ मधल्या १८ व्हर्जनला! मधली १५ वर्षं ज्याला नाव माहीत त्यालाच तो दिसला.

लूप्सचा, म्हणजे प्लॅनमधली एक पायरी किती फेऱ्या चालली त्याचा, आकडा तर अजून फसवा. शेजारी ओळी ३, लूप्स १००० असं दिसलं तर नवखा माणूस तीनच ओळी समजतो, पण ती एका फेरीची सरासरी असते, खऱ्या ओळी ३०००, आणि वेळेचंही तसंच. त्यात पूर्वी सरासरी ०.४ आली तर ती चक्क ० छापली जायची, म्हणजे १००० फेऱ्यांतल्या ४०० ओळी डोळ्यांदेखत गायब. १८ मधे दशांशाची दोन स्थळं दाखवायला लागलेत, गुणाकार मात्र अजून बघणाऱ्यानंच करायचा.