बालमंचातली मुलं अठराव्या वर्षानंतर सापडत का नाहीत

१९८९ साली अठरा या आकड्याला दोन ठिकाणी कायद्याचं वजन आलं. मार्चमध्ये ६१व्या घटनादुरुस्तीने भारतात मतदानाचं वय २१वरून १८वर आलं. २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता मंजूर केली. तिच्या लेखी मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. भारताने ती डिसेंबर १९९२मध्ये स्वीकारली. बालसभा, बालपंचायती, किशोरी गट अशा बालमंचांना आधार म्हणून तिचंच १२वं कलम पुढे केलं जातं: मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क. पण त्या कलमाबरोबर अठराची रेषाही आली. अठरावा वाढदिवस झाला की सदस्य हजेरीपत्रकातून बाहेर, आणि पुढची विचारपूस, म्हणजे मोठेपणी ती मुलं कुठे आहेत, मंचाचा त्यांना काय उपयोग झाला हे पाहणं, बहुतेक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

कर्नाटकात भीमा संघ ही कामकरी मुलांची संघटना १९९०च्या सुमारास उभी राहिली. कुंदापूर परिसरात त्यातूनच मक्कळ पंचायती, म्हणजे मुलांच्या पंचायती, आल्या. १९९६मध्ये कामकरी मुलांच्या प्रतिनिधींची आंतरराष्ट्रीय बैठक कुंदापुरातच भरली. मे २००२मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिवेशनाआधी बालमंच झाला, चारशेहून अधिक मुलांचा. ती सगळी आता तिशी-चाळिशीत आहेत.

मुलांना मोठेपणापर्यंत गाठत राहण्याची शिस्त मात्र संशोधकांकडून आली. ‘यंग लाइव्ह्ज’ या दीर्घकालीन अभ्यासाने २००२मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुमारे ३,००० मुलं निवडली: २,००० साधारण वर्षभराची, १,००० आठ वर्षांची. पुढे २००६, २००९, २०१३ आणि २०१६ला त्याच मुलांकडे फेऱ्या झाल्या, कोविडकाळात फोनवरून. यातली खरी मेहनत प्रश्नावलीत नसते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पत्ते ताजे ठेवण्यात असते.

बालमंचांच्या नोंदवहीत सहसा नाव, इयत्ता आणि वडिलांचा मोबाइल एवढंच असतं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर बंद पडू शकतो आणि मग दुसऱ्याच कुणाला मिळतो. मुलीचं लग्नानंतर आडनाव बदलतं, बऱ्याचदा नावही. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा. तो बदलत नाही. सोबत तीन संपर्क हवेत, तेही तीन वेगळ्या घरांतले: मामा, शेजारी, वर्गमैत्रीण. आधार क्रमांक मागू नये. त्याने माणूस सापडत नाही, जोखीम तेवढी वाढते.

गावी कधी जावं, हेही ठरवून ठेवावं लागतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गेलात तर टोळ्या कारखान्यावर गेलेल्या असतात. मे महिना बरा. खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा भेट आणि निवांत बोलणं दोन्ही जमतं. सासरी फोन लावायची वेळ आलीच आणि दुसऱ्या कुणी उचलला, तर संस्थेचं नाव, विषय काहीही सांगू नये. ‘नंतर करते’ म्हणून ठेवावा. त्या एका फोनची किंमत तिला घरात मोजावी लागू शकते.

संमतीचंही तसंच आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. ती व्यक्ती सज्ञान झाल्यावर तिची स्वतःची संमती नव्याने घ्यावी. जुने फोटो आणि भाषणांच्या चित्रफिती वापरायच्या असतील तर नक्कीच. तेराव्या वर्षी दारूबंदीवर ठणकावून बोललेल्या मुलीला तेविसाव्या वर्षी ती चित्रफीत नको वाटू शकते.

सगळ्यात मोठी गफलत यादीत होते. समजा हजेरीत ६० नावं होती आणि ३८ जण भेटले. जे भेटतात ते बहुधा तालुक्याला शिकलेले, फोन उचलणारे, व्यासपीठावर चमकलेले. उरलेल्या २२मध्ये लवकर लग्न झालेल्या आणि स्थलांतर केलेल्या मुली-मुलांचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता असते. अहवालात ‘६०पैकी ३८’ असंच लिहावं, आणि २२ नावांपुढे शेवटचा ठावठिकाणा. शिवाय मंचावर मुलं शिक्षकांनी निवडलेली असतात, आधीपासूनच बोलकी. त्याच वर्गातले, मंचात नसलेले काहीजण भेटल्याशिवाय श्रेय मंचाला देता येत नाही.

‘मंचामुळे तुझ्यात काय बदल झाला?’ हा प्रश्न टाळावा. उत्तर ठरलेलंच येतं. त्याऐवजी दहावीपासून आजपर्यंत वर्षवार विचारावं: कुठे राहिलीस, काय काम केलंस, पैसे कुणाच्या हातात होते? मतदारयादीत नाव आहे का, कोणत्या गावच्या? शेवटच्या ग्रामसभेला गेलीस का, आणि बसलीस कुठे?