पेटीचा गंधार किती चढा असतो?

खानदेशात गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी असतेच. तिच्यावर सा आणि गंधार (ग) एकत्र दाबून भाता सावकाश चालवा. सूर सलग उमटत नाही, थरथरत राहतो. पेटी बिघडलेली नसते. तिचा गंधार लावलेलाच चढा असतो.

सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. त्यात मिसळून जाणारा गंधार ५/४ पट, म्हणजे ३०० कंपनांचा. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हाच. पेटीत मात्र कोणतीही पट्टी सा धरता यावी म्हणून सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे गंधार ३०२.४ वर जातो. सा या स्वराचा पाचवा स्वरांश (सुरातच दडलेला पाचपट कंपनांचा बारीक सूर) १२०० चा, या गंधाराचा चौथा १२०९.५ चा, त्यांच्या झटापटीतून सेकंदाला साडेनऊ विस्पंद, म्हणजे आवाजाचे लहानमोठे हेलकावे, होतात. तीच थरथर. पंचमात मात्र सेकंदाला जेमतेम एक विस्पंद होतो, म्हणून तो कानाला खुपत नाही.

सप्तक १२०० सेंटचं मानलं, तर गंधारातली ही चूक १४ सेंटची. प्रमाण श्रुती, म्हणजे स्वरांमधलं एक सूक्ष्म अंतर (८१/८० पट), साडेएकवीस सेंटची असते. म्हणजे चूक श्रुतीच्या दोन तृतीयांशाएवढी, आणि भूप रागात जिथे थांबायचं असतं त्या गंधारावर ती लपत नाही.

एकच सा कायम असेल तर गंधार उतरवता येतो. पेटीत आवाज देणाऱ्या पितळी पट्टीलाही सूरच म्हणतात. तिची जीभ टोकाशी खरवडली की आवाज चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. इथे मुळाशीच खरवडायचं. जिभेखाली पातळ पत्रा सरकवा, बारीक कानस एक-दोनदाच फिरवा, धातू निवू द्या आणि सूर पेटीत बसवूनच ऐका. बाहेर तो वेगळा लागतो. विस्पंद साडेनऊवरून चार, मग एक असे मंदावतात. पुन्हा वाढू लागले तर सूर जास्त उतरला. खर्ज आणि नर हे पेटीतले सुरांचे दोन संच वेगवेगळे लावा, नाहीतर थरथर कोणाची हे कळतच नाही. हे केल्यावर दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याला ती पेटी बेसूर लागेल, हे आधी मंडळींना सांगा.

जळगावच्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते. उन्हानं तंबोऱ्याची तार सैलावते आणि सूर उतरतो. बासरीतली हवा तापते आणि सूर चढतो. हवा २५ वरून ४० अंशांवर गेली, तर हिशेबानं सुमारे ४० सेंट, फुंकीमुळे प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणून दोन्ही वाद्यं मांडवात अर्धा तास ठेवा आणि बासरीचा सा धरून तंबोरा लावा. बासरीला खुंटी नसते.